आजारी पडायचा नंबर

आमच्या घरात आजारी पडायलासुद्धा नंबर लागायचा. हसू नका, खरं सांगतोय. आम्ही दोघं जुळे, आई एकटी, आणि तिची नोकरी कपडे शिवायच्या कारखान्यात. बाबा आम्ही धड बोलायला लागायच्या आधीच गेले. एक पोरगं तापलं तर तिला रजा मिळायची, लगेच दुसरंही तापलं की सुपरवायझर डोळे वटारायचा. म्हणून तिनं घरात नियमच करून टाकला, एका वेळी एकानंच आजारी पडायचं. दुसऱ्यानं थांबायचं.

ती हे हसत हसत म्हणायची, पण आम्ही काही ते हसण्यावारी नेलं नाही. भावाला कांजिण्या आल्या तेव्हा एक-दोन दिवसांत माझ्याही पोटावर फोड उठले, ते मी शर्ट पँटमध्ये खोचून लपवून ठेवले. आंघोळीच्या वेळी पितळ उघडं पडलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी रांगेत मध्येच घुसलो होतो. मग तिनं आम्हा दोघांना एकाच गादीवर घातलं आणि स्वतः शेजारी बसून घरी आणलेल्या शर्टांना बटणं लावत राहिली. ती कधी आजारी पडली का, असं विचाराल तर मला आठवत नाही. तिचा नंबर कधी आलाच नसावा.

भाऊ माझ्याहून काही मिनिटांनी मोठा. तेवढ्या मिनिटांच्या जोरावर त्यानं जन्मभर माझ्यावर दादागिरी करायला हवी होती, पण त्याचा तो स्वभावच नाही. तो मुखदुर्बळ आणि मी तोंडाळ. बाकी नाक, डोळे, कान, डोक्यावरचा भोवरा, सगळं एक. मामाचे गुडघे गेले तेव्हा त्यानं आपलं केस कापायचं दुकान आमच्या हवाली केलं. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे वाट बघणाऱ्यांसाठी एक लांब बाक. डावी खुर्ची त्याची, उजवी माझी. गिऱ्हाइकांना आमची नावं माहीत नाहीत, ती आम्हाला डावा आणि उजवा म्हणतात. ज्याला शांतपणे नीट केस कापून हवेत तो डाव्याकडे जातो, आणि ज्याला जगाच्या भानगडी ऐकायच्या असतात तो उजव्याकडे. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी दुकानात कुणापुढे कबूल करत नाही.

तर झालं असं, की भावाचं जेवण आधी कमी झालं आणि मग हात मंदावला. साध्या कटिंगला इतका वेळ लावायला लागला की बाकावरची माणसं चुळबुळ करायची. मी चिडवायचो, अरे केस कापतोयस की मोजतोयस. एरवी त्यानं आरशातून डोळा तरी मिचकावला असता. आता नुसतं 'हं'. मग एका दुपारी एका माणसाचं अर्धं डोकं झालेलं असताना त्यानं कात्री ट्रेमध्ये ठेवली, हात धुतले, नीट पुसले, त्या माणसाला 'माफ करा' म्हणाला आणि घरी निघून गेला. उरलेलं अर्धं मी पूर्ण केलं. दुसऱ्या दिवसापासून तो अंथरुणात, भिंतीकडे तोंड करून.

आईनं त्याच्या कपाळावर हात ठेवून बघितला. ताप नव्हता. तिनं त्याला सूप करून दिलं, त्यानं दोन चमचे घेतले आणि वाटी सरकवली. बाहेर येऊन ती मला म्हणाली, त्याला बरं नाहीये, तू मात्र नीट राहा बाबा. मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस.

दुकानात पहिल्याच दिवशी भावाचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं, थेट डाव्या खुर्चीत बसलं, मान मागे टाकून डोळे मिटले. आता त्याला काय सांगायचं? मी गुपचूप त्याच्या अंगावर कपडा टाकला आणि कापायला लागलो. माणसानं शेवटी आरशात डोकं इकडून तिकडून बघितलं, मान हलवली आणि गेला. त्याला काही कळलंच नाही. मग मला युक्तीच सापडली. गप्प राहिलं की मी डावा, तोंड उघडलं की उजवा. कुणी विचारलंच तर भाऊ आत्ताच जेवायला गेला, नाहीतर आत्ताच सामान आणायला गेला. एवढी बेमालूम थाप मी आयुष्यात कधी पचवली नव्हती. आठवडे गेले, एका माणसाला पत्ता लागला नाही.

गप्प बसणं म्हणजे मला सुरुवातीला शिक्षाच होती. जीभ नुसती सळसळायची. पण हळूहळू काय झालं कुणास ठाऊक, मला तेच बरं वाटायला लागलं. डाव्या खुर्चीत कुणी बसलं की हायसं वाटायचं. उजवीत बसलं की धास्ती, आता याच्याशी बोलायचं काय? घाम फुटायचा, कात्रीतला अंगठा थरथरायचा. मला वाटलं चहा जास्त होतोय, म्हणून चहा सोडला. तरी हात थरथरतच होता, म्हणून परत सुरू केला. दुकान बंद करून घरी निघालो की अर्ध्या रस्त्यात वाटायचं शटरला कुलूप लावलं नाही. परत जाऊन बघायचो. लावलेलं असायचं. घरी पोचेपर्यंत पुन्हा तेच. शेवटी मी उजव्या खुर्चीवर कपडा टाकून ठेवला आणि खुर्ची बिघडलीय असं सांगायला लागलो. खुर्चीला काहीही झालं नव्हतं. ती माझ्यापेक्षा ठणठणीत होती.

शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे काका आहेत. मधली भिंत इतकी पातळ की त्यांच्याकडे गजर झाला की आमच्याकडचं गिऱ्हाईक दचकतं. ते एकदा डाव्या खुर्चीत येऊन बसले. मी मुकाट्यानं कापत होतो, तर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, काय रे, तुझा तो उजवा कुठाय? बरेच दिवस त्याची बडबड भिंतीपलीकडून ऐकू आली नाही. बरा आहे ना तो? मी डाव्यासारखं 'हं' म्हणालो आणि त्यांची मान पुढे केली.

मला या गोष्टीची भारी गंमत वाटली. अंथरुणाला खिळलाय डावा आणि लोक चौकशी करतायत उजव्याची! घरी जाऊन आईला सांगितलं. ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग मी भावाच्या खोलीत गेलो. म्हटलं याला जरा हसवावं. मी त्याला सगळं रंगवून सांगितलं, खुर्ची कशी बिघडवली, काका कसे फसले. आणि म्हणालो, बघ, तू आरामात पड, कुणाला कळलंसुद्धा नाहीये तू नाहीस ते.

त्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे मी नसलो तरी चालेल. तू आहेस."

त्याच्या आवाजात रडू नव्हतं की राग नव्हता. पेला रिकामा झालाय, असं सांगावं इतकं सरळ बोलला तो. मी त्याला धीर द्यायला गेलो होतो आणि काय देऊन बसलो होतो! धार लावायला घरी आणायचो ते वस्तरे मी त्या दिवसापासून दुकानातच कुलपात ठेवायला लागलो. आईला मी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तिनं सुपरवायझरच्या हातापाया पडून मधल्या सुट्टीत मोठ्या हॉस्पिटलात जाऊन मनाच्या आजारांच्या डॉक्टरची वेळ घेतली. ती वेळसुद्धा लगेचची नव्हती. गर्दी फार आहे, तारीख चुकली तर पुढची केव्हा मिळेल सांगता येत नाही, असं खिडकीतल्या माणसानं तिला बजावलं होतं. भावाचे शब्द तिनं तिथे सांगितले नाहीत. परक्या माणसांपुढे ते तिच्या तोंडून निघालेच नाहीत.

तो दिवस उजाडला. आईला कामावर जाणं भाग होतं, मी त्याला घेऊन जाईन असं तिला कबूल केलं होतं. पण भाऊ उठेना. नाही असंही म्हणेना. "उद्या," एवढंच. मी विनवण्या केल्या, चिडलो, पांघरूण ओढलं, त्यानं ते परत घेतलंसुद्धा नाही, तसाच पडून राहिला. शेवटी मी हात टेकले. घड्याळ बघितलं, आणि डोक्यात आलं ते जुळ्याच्याच डोक्यात येऊ शकतं. दुकानात चालतंय तर दवाखान्यात का चालणार नाही? मी जातो, त्याचं सगळं नीट सांगतो, गोळ्या घेतो आणि आणून याला देतो. ओळखीच्या कार्डावरचा फोटो त्याचा असला काय आणि माझा असला काय.

घराशेजारच्या काकूंना मी विणकाम घेऊन त्याच्या खोलीत बसवलं, त्याला एकटं सोडू नका म्हणून दोनदा सांगितलं. त्याचा राखाडी स्वेटर चढवला, त्याचं कार्ड घेतलं आणि निघालो.

डॉक्टर म्हणजे आईच्या वयाच्या एक बाई होत्या. त्यांचे केस कुणीतरी घाईत कापले होते, मागून एक बाजू खाली आली होती. माझं लक्ष सारखं तिकडेच. त्या विचारत गेल्या आणि मी भावाचं सांगत गेलो. झोप कशी, भूक कशी, हे केव्हापासून, आवडणाऱ्या गोष्टी आवडतात का. मी त्याच्यासारखा थांबून थांबून बोललो, मध्येच 'हं' म्हणालो. माझं मलाच कौतुक वाटलं. मग त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, जगावंसं वाटत नाही, असं कधी मनात येतं का. मी भावाचं वाक्यच सांगितलं. मी नसलो तरी चालेल, भाऊ आहे.

"भाऊ आहे?" त्या म्हणाल्या.

जुळा आहे, असं मी सांगितलं. हुबेहूब का, म्हणून त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"मग तो कसा आहे?"

तो मजेत आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. काकांनी विचारला होता खरा, पण तेव्हा मी तो गंमत म्हणून सोडून दिला होता. आता इथे मी भाऊ होऊन बसलो होतो, आणि भावाच्या जागेवरून मला मी पहिल्यांदा दिसलो.

"तो झोपत नाही," मी म्हणालो. "कुलूप लावलेलं असतं तरी परत परत जाऊन बघतो. आधी खूप बोलायचा तो, लोक हसून हसून लोळायचे. आता समोर माणूस बसलं की त्याला घाम फुटतो. चांगली खुर्ची बिघडलीय म्हणून सांगतो लोकांना."

"हे त्यानं तुम्हाला सांगितलं?"

"नाही. तो कुणालाच सांगत नाही."

"का बरं?"

"त्याचा नंबर नाहीये," मी म्हणालो, आणि मला रडू कोसळलं. मुसमुसून वगैरे नाही, चांगला हमसून हमसून रडलो, भावाच्या स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून. लाज वाटत होती आणि थांबवता येत नव्हतं. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि मला रडू दिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, आता बोलताय ते कोण आहात तुम्ही? मी उजवा आहे, असं मी म्हणालो. मग अर्थातच सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

त्या रागावल्या, आणि मला ते बरं वाटलं. एकाला खुर्चीत बसवून दुसऱ्याचे केस कापता का तुम्ही, असं त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला बघून मी त्याला औषध देऊ शकत नाही, चेहरा एक असला म्हणून काय झालं. भावाचे शब्द त्यांनी मला पुन्हा सांगायला लावले. मग फोन उचलून उद्या सकाळची पहिली वेळ त्याच्यासाठी मोकळी करून घेतली. असं बोललेल्या माणसाला तारखेची वाट बघायला लावायचं नसतं, हे वेळ घेतानाच सांगायला हवं होतं, असं म्हणाल्या. तोपर्यंत त्याला एकटं सोडायचं नाही, आणि तो पुन्हा तसं काही बोलला किंवा तुम्हाला भीती वाटली तर उद्याची वाट न बघता सरळ तातडीच्या विभागात आणायचं. येत नाही म्हणाला तर फोन करा, आमची माणसं घरी येतील.

मी उठायला लागलो तर म्हणाल्या, बसा, तुमचं राहिलंय.

मला काही समजेना. मी विचारलं, हे जुळ्यांनाच होतं का? दोघांना एकदम होतंच का? तसं नाही, असं त्यांनी समजावलं. तुमच्या वयाच्या मुलामुलींत उदासपणाचे आणि चिंतेचे आजार लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ आढळतात. जुळ्यांना ते जास्त होतात असं काही नाही. पण तुमच्यासारख्या हुबेहूब जुळ्यांत एकाला झालं तर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता वाढते. होईलच असं नाही, म्हणून विचारायचं असतं. आणि होईल ते सारखंच असेल असंही नाही. त्याचं उदासपणाचं वाटतंय, ते त्याला भेटल्यावर कळेल. तुमचं मला चिंतेचं दिसतंय. दोन्हींवर उपाय आहेत.

"पण आधी तो बरा होऊ दे," मी म्हणालो. "मग मी येतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा नंबराचा नियम कुणी केला?"

"आईनं."

"मग उद्या आईलाही घेऊन या."

संध्याकाळी आई कारखान्यातून आली तेव्हा तिच्या ओढणीला अजून दोन टाचण्या तशाच होत्या. मी तिला बसूही दिलं नाही, उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आधी ती सोंगावरून भडकली. शाळेत एकमेकांच्या जागी ओरडा खायचात ते मी चालवून घेतलं, आता काय वय आहे का तुमचं, वगैरे. मग एकदम थांबली.

"आणि तुला काय झालंय?"

"काही नाही गं."

"डॉक्टर काय म्हणाल्या ते सांग."

सांगितलं. केव्हापासून, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, तो झोपून राहिल्यापासून असेल, कदाचित थोडं आधीपासूनही. मग बोलला का नाहीस, असं ती ओरडलीच.

"नंबर त्याचा होता ना," मी म्हणालो.

आई खाली बसली. खुर्ची शेजारीच होती, तरी ती जमिनीवरच बसली. ओढणीतल्या टाचण्या तिनं एकेक करून काढल्या आणि मुठीत धरून ठेवल्या.

"तो नियम मी माझ्या रजेसाठी केला होता रे," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाही केला. मी तर तो कधीच विसरून गेले होते."

मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम. ती विसरली आणि आम्ही वीस वर्षं पाळत बसलो! पण तिचे ते टोचलेले हात बघून राग टिकला नाही. मी तिच्या शेजारी बसलो. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि बराच वेळ काढलाच नाही.

घर केवढंसं. भावाच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्याला सगळं ऐकू गेलं असणार. मी आत गेलो. शेजारच्या काकू विणकाम आवरून निघतच होत्या. मी त्याच्या पायाशी बसलो. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "माझा स्वेटर घालून रडलास?"

"हो."

"लोकांपुढे?"

"डॉक्टरपुढे."

"मी असा रडत नाही," तो म्हणाला.

पलंग जरासा हलला. तो हसत होता, अगदी थोडं. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते. मला वाटलं आता याला समजवावं, डॉक्टर काय काय म्हणाल्या ते पटवावं, पण समजवून समजवून माझं तोंड दुखलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. म्हणून जे खरं होतं तेच बोललो.

"उद्या मलाही दाखवायचंय तिथे. मला एकट्याला भीती वाटते."

तो हळूहळू कुशीवर वळला, भिंत सोडून माझ्याकडे.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.

रात्रभर आई आणि मी आळीपाळीनं त्याच्या खोलीत बसलो. सकाळी तो काही उडी मारून उठला नाही. पलंगाच्या कडेवर किती तरी वेळ पाय सोडून बसून राहिला. आईनं त्याच्या अंगात शर्ट घातला, बुटाच्या नाड्या मी बांधल्या. त्याला लाज वाटत होती, मी म्हटलं, राहू दे, कधीतरी तू बांध माझ्या. रस्त्यात दुकानाशी थांबलो आणि मी शटरवर आज बंद म्हणून कागद चिकटवला. घड्याळवाले काका बाहेरच उभे होते. आम्हा दोघांना एकत्र बघून आधी खूश झाले, मग भावाचा चेहरा बघून विचारायचं ते त्यांनी गिळलं. मी एरवी एखादी थाप ठोकली असती. त्या दिवशी सांगून टाकलं की दोघंही आजारी आहोत, मनाचं आहे, दवाखान्यात चाललोय. काकांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. म्हणाले, माझ्या धाकट्या बहिणीला होतं हे. दोन वर्षं खोलीतून बाहेर आली नव्हती. आता दिवसभर नातवंडांवर ओरडत असते. जा, जा, उशीर करू नका.

पुढे दुकान परत सुरू झालं तेव्हा मी गिऱ्हाइकांना खरंच सांगायला लागलो, खुर्चीत बसलेल्या माणसाला आरशातून बोलणं सोपं जातं म्हणून असेल. तुम्हाला खोटं वाटेल, पण दर थोड्या डोक्यांमागे एक जण निघायचाच. कुणाचा मुलगा, कुणाची बायको, कुणी स्वतः. इतकी वर्षं मी त्या खुर्चीमागे तोंडाचा पट्टा चालवत होतो आणि यातलं एक अक्षर माझ्या कानावर आलं नव्हतं. ऐकून घ्यायला म्हणून मी गप्प बसलो नव्हतो ना कधी.

पण ते नंतरचं. त्या सकाळी आम्ही तिघं हॉस्पिटलच्या खिडकीपुढे उभे होतो. भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आई मध्ये. काचेमागच्या माणसानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत त्याच्याकडे. त्यानं डोळे चोळले नाहीत एवढंच.

"पेशंट कोण?" त्यानं विचारलं.

मी सवयीनं भावाकडे बोट केलं. त्याच वेळी भावानं माझ्याकडे केलं.

"दोघं," आई म्हणाली.

"बाई, एका वेळी एकच जाईल आत."

आईनं दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. "आत एकेक जाऊ दे," ती म्हणाली. "आजारी दोघं एकदम आहेत."

त्यानं दोन नंबर दिले. आईनं ते वाचून बघितले, एक त्याच्या हातात ठेवला, एक माझ्या. आम्ही बाकावर बसलो. मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि कारखान्यात लावला. सुपरवायझर पलीकडून काहीतरी बोलत होता, ते आम्हाला ऐकू येत नव्हतं. ती त्याचं होईपर्यंत थांबली.

"आज मी येणार नाही," ती म्हणाली. "माझी दोन्ही मुलं आजारी आहेत."